छत्तीस टॉवेल आणि वांग्याचा धूर

मला एक सांगा, आग म्हणायला नेमकं किती जळावं लागतं हो? कारण इन्शिराहबाईंच्या घरात जळलं काय, तर स्वयंपाकघराचा एक पडदा, भांड्यांची एक फळी आणि वांग्याच्या दहा-बारा चकत्या... बस्स. बंबवाले शिडी घेऊन आले तोवर इमारतीच्या राखणदाराने वाळूची बादली आणि ओलं कांबळं घेऊन चार मजले चढून काम आटपलंही होतं. बंबवाल्यांनी मग आलोच आहोत तर म्हणून चहा घेतला आणि गेले. आग दहा मिनिटांची आणि धूर तीन आठवड्यांचा, हे तुम्हाला कोणी आधी सांगितलं होतं का? इन्शिराहबाईंनाही नव्हतं सांगितलं. आग पाहुण्यासारखी येऊन गेली, धूर घरजावई होऊन बसला.

आता लागली कशी, तर तांता शहरातल्या कुठल्याही बाईच्या घरी लागावी तशीच लागली. दुपारची वेळ, कढईत तेल, तेलात वांगी, आणि खालून भाजीवाल्याची आरोळी. बाईंनी बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, सगळ्याच सोडतात, चार जिने कोण उतरतंय... टोपली वर आली ती मुलुखियाच्या सुकलेल्या जुड्या घेऊन. आता सुकलेली पालेभाजी कोण ठेवून घेईल? टोपली खाली गेली. तो म्हणाला सकाळचीच आहे, बाई म्हणाल्या कुठल्या सकाळची. टोपली वर. बघतात तर वरची एक जुडी ताजी आणि तिच्याखाली त्याच मघाच्या म्हाताऱ्या. टोपली खाली. अशी ती चार वेळा खाली-वर झाली, तोवर समोरच्या इमारतीतल्या बायकाही आपापल्या बाल्कनीत येऊन मत देऊ लागल्या, आणि अशा वेळी कोणाला आठवतं हो की मागे कढई आहे? आठवलं ते भाजीवाल्याला. तोच खालून म्हणाला, "बाई, मुलुखियाचं नंतर बघू, तुमच्या मागून काळं काहीतरी येतंय."

आणि धुराचं तुम्हाला सांगते, त्याला दार दाखवावं लागत नाही. घरात चार खोल्या, पण तो स्वयंपाकघरातून निघाला तो थेट जिथे कोणालाच जायची परवानगी नव्हती त्या बैठकीच्या खोलीत. सोनेरी पायांच्या खुर्च्यांची खोली, जिच्यात बाईंचा नवरासुद्धा फक्त ईदेला बसतो, तोही कडेला. आणि त्या खोलीत काय मांडून ठेवलं होतं? नाहिदचं रुखवत.

नाहिद ही बाईंची एकुलती एक मुलगी. ती आठ वर्षांची होती तेव्हा पहिला टॉवेल आला, गुलाबी, काठाला पांढरी वेल. मग दर ईदेला एक, दर मोसमाला दोन, असं करत चौदा वर्षांत छत्तीस टॉवेल, चौदा जोड चादरी आणि सहा ब्लँकेटं झाली. इतकी वर्षं ते सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, पलंगाखाली, कपाटावर गुपचूप पडून होतं, त्याला कोणाचं म्हणून बोट लागलं नाही. आगीच्या आदल्या दिवशी बाईंनी प्रत्येक पिशवी उघडली. आदल्याच दिवशी. का, तर प्रत्येक टॉवेलला साटिनची फीत बांधायची होती, कारण तीन आठवड्यांनी गुरुवारी मुलाकडची माणसं ट्रक घेऊन येणार होती, हॉर्न वाजवत, टाळ्या पिटत ते रुखवत महल्ला गावाला नेणार होती, आणि नव्या घरात मांडल्यावर दोन्हीकडच्या बायका ते उघडून, उलटून, चाचपून बघणार होत्या.

तुम्ही म्हणाल, टॉवेलच ना, धुवा की. तिथेच तर सगळं अडलं होतं. धुवायचं नाही.

का नाही म्हणजे? रुखवताचं कापड कोरं हवं. दुकानातली घडी मोडायची नाही, काठाला शिवलेली चिठ्ठी काढायची नाही, पाण्याचा थेंब लावायचा नाही. धुतलेलं म्हणजे वापरलेलं. आणि हे इन्शिराहबाईंना कोणी समजावून सांगायला नको होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या रुखवतातल्या एका चादरीवर आयत्या वेळी चहा सांडला, एका चादरीवर, आणि त्यांच्या आईने ती गुपचूप धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत ठेवली. नणंदेच्या हाताला ती बरोबर लागली. नणंद म्हणजे तहियाबाई, त्यांच्या हाताला काय लागत नाही... तेव्हापासून आजतागायत बाईंनी घरात नवीन काहीही आणलं, सोफ्याचा अभ्रा आणला, हातरुमाल आणला, तरी तहियाबाई तो बोटाने चाचपतात आणि विचारतात, वहिनी, नवाच आहे ना, की तुमच्या माहेरच्या पद्धतीचा? अठ्ठावीस वर्षं. बाईंच्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली, चादर फाटून तिची पायपुसणी झाली, पायपुसणीही गेली, पण ते वाक्य काही गेलं नाही. तेव्हा बाईंनी मनाशी धरलं होतं, बाकी काही होवो, माझ्या नाहिदला हे ऐकावं लागणार नाही.

आणि विहीण मिळाली कोण? फिकरियाबाई. महल्लाच्या, आणि नुसत्या महल्लाच्या नाहीत, तिथल्या कापडगिरणीत तपासणीच्या टेबलावर पंचवीस वर्षं बसलेल्या. ठाण समोरून सरकत जातं आणि बाई डोळे मिटून सांगतात, इथे धागा सुटलाय. अशा बाईच्या नाकाखालून छत्तीस धुरकट टॉवेल न्यायचे. आणि धुवायचं नाही.

पण आधी भिंतींचं सांगते, कारण आधी जीव भिंतींनी खाल्ला. काजळी दिसते धुळीसारखी आणि असते लोण्यासारखी, हे शाळेत शिकवायला हवं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी बाह्या सरसावल्या, बादलीत साबणाचं पाणी घेतलं आणि बैठकीची भिंत ओल्या फडक्याने खसाखसा पुसली. भिंत राखाडी होती ती काळी झाली, पट्ट्यापट्ट्यांची. मग त्यांचे यजमान पुढे आले. मानाने सगळे ज्यांना उस्ताज म्हणतात ते बहगत, पोस्टात पार्सलच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस, शांत, गाठ मारली की सुटणार नाही अशी मारणारा. ते म्हणाले, एवढं काय, वरून रंग देऊ. दिला. पांढरा स्वच्छ. संध्याकाळपर्यंत पांढरा होता, सकाळी उठून बघतात तर आतून पिवळा डाग वर आलेला, मेजावर चहाच्या पेल्याचा उमटतो ना, तसा, फक्त पेला ट्रकएवढा. दुसरा हात दिला. डाग म्हणाला धन्यवाद आणि आणखी पसरला.

तेव्हा कुठे रंगारी आला, उस्ता गाबर. आता कुठल्याही उस्ताचं, कुठल्याही कारागिराचं, पहिलं वाक्य काय असतं? त्याने भिंतीसमोर उभं राहून दोन चहा संपवले, मान तिरकी केली आणि म्हणाला, "हे कोणी केलं?" उस्ताज बहगत खिडकीतून बाहेर बघू लागले. मग गाबरने शांतपणे सांगितलं की काजळी आधी कोरडी काढायची, कोरड्या स्पंजने, वरून खाली, घासायचं नाही, टिपायचं. मग साबणाचं पाणी, ते मात्र खालून वर, नाहीतर ओघळ उतरतात आणि ते जन्मभर राहतात. मग तेलाचं अस्तर, ते दोन दिवस वाळू द्यायचं, आणि मग रंग. म्हणजे बाईंनी जे जे केलं होतं ते ते बरोबर उलटं केलं होतं. वर छताच्या कोपऱ्यांतून काळ्या धाग्यांची जाळी लोंबत होती, तिच्याकडे त्याने बोट केलं तेव्हा मात्र बाईंचा आवाज चढला, की ही जळमटं नाहीत, माझ्या घरात जळमटं नसतात, हा धूर आहे. गाबर म्हणाला, माहितीये बाई, धूरच असा लोंबतो. पण बाई तेवढ्यावर थांबतात का, त्यांनी बहगतना बोलावून त्याच्यासमोर साक्ष द्यायला लावली.

आणि गाबर भिंती धूत होता, छत धूत होता, दिव्याच्या झुंबराचा एकेक लोलक धूत होता, विजेच्या बटणांच्या फटीतून काडीने काजळी काढत होता, आणि बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सगळं घर धुतलं जात होतं. फक्त एकच गोष्ट धुवायची नाही.

मग टॉवेलांचं काय काय केलं ते विचारू नका. विचारलंच आहे तर सांगते. आधी गच्चीवर उन्हात टाकले, ते पलीकडच्या कबूतरवाल्याची कबूतरं येऊन बसली, म्हणून खाली आणले. मग कोणीतरी सांगितलं कांदा चिरून ठेवा, धूर ओढून घेतो. खोलीत नऊ कांदे अर्धे करून ठेवले. मग कोणीतरी सांगितलं कॉफीची पूड. मग व्हिनेगरच्या वाट्या. मग उस्ताज बहगत, ज्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी आपल्याच मनाने दाढीनंतरचं लिंबाचं कोलोन शिंपडलं. आता छत्तीस टॉवेलांना धुराचा, कांद्याचा, कॉफीचा, व्हिनेगरचा आणि नुकत्याच दाढी केलेल्या माणसाचा वास येऊ लागला. नाक लावलं की वाटायचं, हॉटेल जळलंय आणि त्यात गिऱ्हाइकं अजून बसलेली आहेत.

आणि या सगळ्यावर तहियाबाई. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, की ही आग तेलाने लागलीच नाही, नजरेने लागली. एवढं रुखवत उघडं मांडून ठेवलंत, समोरच्या बाल्कनीतून दिसत होतं, लागणारच. आणि नजरेवर उपाय काय? लोबान. रोज दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, तहियाबाई धुपाटणं घेऊन यायच्या आणि खोलीखोलीतून, पलंगाखालून, पडद्यामागून, टॉवेलांच्या ढिगाभोवती सात-सात वेळा फिरवायच्या, निळा दाट धूर, डोळ्यांतून पाणी काढणारा. सकाळी गाबर भिंत पुसून पांढरी करायचा, संध्याकाळी तहियाबाई तिच्यावर ओवाळायच्या. पाचव्या दिवशी गाबर शिडीवरून खाली उतरला आणि म्हणाला, "बाई, मी इकडून काढतोय, तुम्ही तिकडून भरताय. तीन दिवसांचं काम तीन महिने चालेल."

तहियाबाईंनी धुपाटणं त्याच्या नाकाखालून नेलं. "तू भिंतीतला काढ. मी नजरेतला काढते."

बाईंना मध्ये काही बोलता येईना. नणंदेला नको म्हणावं तर ती म्हणणार, पोरीचं वाईट झालं तर मला बोल लावू नका. आणि मनातून बाईंनाही थोडं वाटतच होतं की नजर लागली असेल... तुम्हाला नसतं वाटलं?

तिकडून फिकरियाबाईंचा रोज फोन. त्यांना सांगितलं होतं की वांगी जरा करपली. त्या फार गोड बोलायच्या, विहीणबाई दगदग करू नका, आम्ही आपले चहा घेऊ, रुखवत उचलू आणि जाऊ. आणि मग शेवटी सहज विचारायच्या, टॉवेल सुताचे की मिश्र? तेवढ्या एका सहज प्रश्नाने बाईंचा पुढचा दिवस जायचा.

सोमवार आला. गुरुवार तीन दिवसांवर. भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, छत पांढरं झालं होतं, खुर्च्यांचे सोनेरी पाय सोनेरी झाले होते, आणि खोलीच्या मधोमध तो ढीग. नाहिद कामावरून आली, तोंड धुतलं आणि चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा, त्या ढिगातला वरचा गुलाबी टॉवेल उचलून तोंड पुसलं. पहिलाच टॉवेल तो, चौदा वर्षांपूर्वीचा. बाई ओरडायला गेल्या, तर पोरीच्या गालावर राखाडी फराटा उमटलेला. ती आरशासमोर गेली, बघितलं, आणि आईकडे वळून म्हणाली, "आई, मी तिथे रोज सकाळी तोंड पुसताना आपलं घर जळलेलं हुंगायचं का?"

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला, की धुतलेलं म्हणजे, लोक काय, तुझी आजी, ती चादर... पण ते वाक्य पुरं होईना. नाहिद म्हणाली, "आत्याने तुला बोलून बोलून छळलं. आणि तू माझं रुखवत तिच्या भीतीने बांधतेयस."

एवढंच बोलली आणि जेवायला बसली. आणि इन्शिराहबाई, ज्यांनी तीन आठवडे त्या टॉवेलांना पाण्याची बातमीसुद्धा लागू दिली नव्हती, त्यांनी उठून मशीनचं झाकण उघडलं.

मंगळवारी पहाटेपासून सुरुवात. बाई धुणार, नाहिद कामावर रजा टाकून चिठ्ठ्या उसवणार, प्रत्येक चिठ्ठी कुठल्या टॉवेलची ते कागदावर लिहून ठेवणार, आणि वाळल्यावर त्याच भोकांतून त्याच रंगाच्या दोऱ्याने परत शिवणार. टॉवेल दोन-दोनदा, चादरी एकदा, ब्लँकेटं बाथटबमध्ये पायांनी तुडवून. पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं, अर्धं बहुतेक कॉफीच असेल. आणि घड्या? तिथे उस्ताज बहगत कामाला आले. एकतीस वर्षं पार्सलं बांधलेल्या माणसाने खळ शिजवली, टॉवेल खळीत बुडवून पिळले, अर्धवट ओले असतानाच लाकडी पट्टीवर दुकानासारखी तीन पदरी घडी घातली, वर विश्वकोशाचे सहा खंड ठेवले, आणि घडी अशी धारदार आली की बोट कापावं. बाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. अठ्ठावीस वर्षांत या माणसाने एक सदरा कधी घडी करून ठेवला नव्हता.

आणि वाळत कुठे घातलं? गच्चीवर, चारी बाजूंनी जुन्या चादरी टांगून, खालून कोणाला दिसू नये म्हणून. कबूतरं हाकलायला बाई स्वतः काठी घेऊन बसलेल्या. सगळं बेमालूम. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नाही, की अस्र झाली होती.

जिन्यात लोबानचा वास आला. मग धुपाटणं आलं. मग तहियाबाई. चादर बाजूला सारून त्या आत आल्या आणि समोर चार दोऱ्यांवर टॉवेलच टॉवेल, काही ठिबकणारे, काही अर्धवट वाळलेले, आणि कठड्यापाशी पट्टी घेऊन घड्या घालत बसलेले बहगत. बाईंच्या हातातली काठी तशीच वर राहिली. तुम्हाला सांगते, बाईंना त्या क्षणी पुढची अठ्ठावीस वर्षं डोळ्यांसमोर दिसली, आपली नव्हेत, नाहिदची.

तहियाबाई एका टॉवेलापाशी गेल्या. दोन बोटांत कोपरा धरला. हुंगला. मग पुढच्या टॉवेलापाशी गेल्या. मग वळल्या आणि उस्ताज बहगतांना, आपल्या भावाला, म्हणाल्या, "घडी अशी घालतात होय? काठ आत गेला पाहिजे. सरक तिकडे."

आणि धुपाटणं कठड्यावर ठेवून बसल्या घड्या घालायला. बाईंनी काठी खाली ठेवली. तहियाबाईंनी मान वर न करताच सांगितलं, "धूर लागलेलं कापड कोरं नसतंच, वहिनी. ते धुवावंच लागतं." आणि पुढचा टॉवेल ओढत म्हणाल्या, "चहा सांडलेलंसुद्धा." बस्स, तेवढंच. माफी म्हणाल तर एवढीच मिळाली, अठ्ठावीस वर्षांनी, तीही टॉवेलाच्या घडीत गुंडाळून. बाईंनी ती घेतली. न घेऊन करतात काय. एकच अट तहियाबाईंनी घातली, की लोबान घालणारच. बराच वाद होऊन ठरलं, की टॉवेलांना नाही, ट्रकला घालायचा.

गुरुवारी मुलाकडची मंडळी आली. फिकरियाबाई सोनेरी खुर्चीवर बसल्या. भिंतीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, गाबरची इतक्या दिवसांची मेहनत, बघितलंसुद्धा नाही. सरळ ढिगाकडे हात. वरचा टॉवेल नाही, वरचा कोणी घेत नाही, वरून चौथा. फीत सोडली, घडीच्या धारेवरून अंगठा फिरवला, काठ उलटला, चिठ्ठीचा टाका बघितला, आणि नाकाशी नेला. बाई सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, नाहिद पायाच्या नखांकडे बघत होती, बहगतांनी पुन्हा खिडकी गाठली होती, आणि तहियाबाई, आयुष्यात पहिल्यांदाच, गप्प.

"विहीणबाई," फिकरियाबाई म्हणाल्या, "याला म्हणतात कोरं कापड. हल्ली असं करकरीत मिळत नाही."

ट्रक भरला, लोबान घातला, ड्रायव्हर खोकला, हॉर्न वाजले, सगळी इमारत बाल्कन्यांतून टाळ्या पिटत होती. महल्लाच्या घरी रुखवत मांडलं, टॉवेल नऊ-नऊच्या रांगेत, बायकांनी उलटून बघितले, वाहवा केली, आणि एका काकूंनी तर विचारलं की दुकान कुठलं. बाई परत आल्या, सगळे झोपायला गेल्यावर बैठकीच्या खोलीत गेल्या आणि सोनेरी खुर्चीवर बसल्या, मधोमध. साबणाने हातांची सालं निघाली होती, पण बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फिकरियाबाईंनी फोन करून सांगितलं, की गिरणीतून आलेलं कोरं कापड आपण काही तसंच अंगाला लावत नाही, म्हणून छत्तीसही टॉवेल धुऊन वाळत घातलेत.